रांगेतला रेडा

बासष्ट साल असेल. नागपूरला मी एका स्फटिकावर संशोधन करत होतो. त्यातले इलेक्ट्रॉन एक आडवा, एक उभा असे ओळीनं बसत, त्यावर चुंबकत्व ठरे. चार परके अणू शिरले की ओळ मोडे. ते काढण्यात माझी दोन वर्षं गेली.

सुट्टीत दारव्ह्याच्या बाजारात एक बैलवाला पाहिला. शिंगं भिडू नयेत म्हणून त्यानं बैल उलटसुलट तोंडांनी बांधले होते. मग मुद्दाम मधे रेडा बांधला. शेजारचे बैल फिरले, मग त्यांचे शेजारी. बैलवाला विडी ओढत बघत बसला.

"अहो, रेडा काढा!" मी कळवळलो.

"कायले? कोनता बैल कोनाच्या भरवशावर उभा हाय, ते रेड्याबिगर कसं समजन, भाऊ?"

परतून मी स्फटिकात स्वतःच परक्या अणूंची भेसळ केली आणि ओळ कुठवर मोडते ते मोजलं. प्रबंध पुरा झाला. बैलवाल्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ऋणनिर्देशात रेड्याचे आभार मानले. मार्गदर्शक सरांनी तेवढीच ओळ खोडली.