मातेयाच्या नावाची सहा अक्षरं

गोर्नी ब्रोदच्या मिलिसावकाकांना टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. तरी गावात कुणाचं काही वाजेनासं झालं, मग तो रेडिओ असो, दारावरची घंटा असो की म्हाताऱ्याच्या कानातलं यंत्र, पहिलं बोलावणं त्यांनाच यायचं. शाळा आठवीपर्यंत. सतराव्या वर्षी पायाला लोखंडी आकडे बांधून ते खांबावर चढले आणि चव्वेचाळीस वर्षांनी उतरले, असं लोक म्हणत. खांबाला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ओढ्यापलीकडे तिसऱ्या खांबावर तार बांधायच्या चिनीमातीच्या चिमणीत ओल शिरलीय." माणसं जाऊन बघायची, तर खरंच ओल. हे कसं कळतं म्हणून विचारलं, की म्हणायचे, "तार सांगते. आपण फक्त मधे बोलायचं नाही."

त्यांची दुसरी खोड म्हणजे वही. बिघाड झाला की हात लावण्याआधी ते एकच प्रश्न विचारायचे, "याच्या जरा आधी काय झालं होतं?" उत्तर वहीत जायचं. कितीही फालतू असलं तरी जायचं.

त्या वर्षी मार्चच्या अकरा तारखेला रोसांदा त्यांच्या फाटकाशी आली. हातात सरकारी पत्र होतं आणि चेहरा त्या पत्रासारखाच पांढरा पडला होता.

रोसांदा नदीवरची पट्टी वाचायची. ब्येलित्सा नदीच्या पुलाखाली आकडे रंगवलेली एक पट्टी रोवलेली आहे. रोज सकाळी सातला तिथं जायचं, पाणी कुठवर आहे ते बघायचं आणि जिल्ह्याच्या पाणीखात्याला कळवायचं. हे काम आधी तिच्या वडिलांचं, मातेयाचं. अडतीस वर्षांत त्यांची एक सकाळ चुकली नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नवा कोट घालून गडी आधी पुलाखाली गेला होता. ते वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रोसांदा रडून सुजलेल्या डोळ्यांनी पट्टीपाशी उभी होती, आणि तेव्हापासून तीच.

मातेया आकडा फोनवरून कळवायचे. रोसांदाच्या काळात खात्यानं तिला एक कॉम्प्युटर दिला. त्यावर व्हीपीएन सुरू करायचं, म्हणजे घरापासून थेट खात्याच्या कॉम्प्युटरपर्यंत एक खासगी बोगदा उघडतो. त्या टोकाला एक सामायिक फोल्डर, त्यात महिन्याचा तक्ता, आणि तक्त्यात आजचा आकडा टाकायचा. आठ वाजले की आजचा रकाना बंद. खात्यातल्या माणसांनी कौतुकानं त्या फोल्डरला नाव दिलं होतं मातेया.

नव्या वर्षापासून तो फोल्डर लहरी झाला होता. एक दिवस उघडायचा, दोन दिवस नाही. आणि आता हे पत्र. मार्चमध्ये सहा रकाने रिकामे आहेत, दहा झाले तर पहिल्या एप्रिलपासून गोर्नी ब्रोदची पट्टी नोंदीतून काढू.

"फोन करून सांगते म्हटलं, तर म्हणतात तक्त्यात असेल तेच खरं," रोसांदा म्हणाली. "काका, बाबांची ओळ माझ्या हातून तुटणार."

"खात्याचा तो शहरातला कॉम्प्युटरवाला काय म्हणतो?"

"दुश्को? तो म्हणतो डोंगर आहे, लाइन खराब आहे, बंद करून परत चालू करा."

"डोंगर काय यंदा आला?" काकांनी विचारलं आणि टोपी घातली.

दुसऱ्या दिवसापासून मिलिसावकाका सकाळी सातच्या ठोक्याला रोसांदाच्या स्वयंपाकघरात हजर. कॉम्प्युटर तिथंच, खिडकीशी होता. रोसांदाची आई येव्रोसिमा, म्हणजे मातेयाची बायको, चुलीजवळ बसलेली असायची. पाहुणा आला म्हणून तिनं आलुबुखाराचा मुरंबा चमचाभर आणि पाण्याचा पेला पुढं केला. तिसऱ्या दिवशी फक्त पाणी पुढं केलं.

"मुरंबा?" काकांनी विचारलं.

"तो पाहुण्याला. तू आता घरचं फर्निचर झालास."

कॉम्प्युटरमधलं काकांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तसं सांगायचेही. पण तार त्यांना कळत होती. त्यांनी भिंतीतली तार काढून नवी टाकली. फोल्डर उघडला नाही. राउटर फ्रिजपासून लांब नेला, उघडला. दुसऱ्या दिवशी तिथंच ठेवला, उघडला नाही. शेजाऱ्याच्या गोठ्याभोवतीचं विजेचं कुंपण तासभर बंद ठेवायला लावलं, तर फोल्डर उघडला नाहीच, उलट शेजाऱ्याची शेळी येव्रोसिमाच्या कोबीत आली.

आणि बोगदा? बोगद्याचा हिरवा दिवा रोज लागलेला. पडद्यावर मात्र यायचं, नावाची अक्षरं तपासा, नाहीतर जोडणीत बिघाड असेल. रोसांदा अक्षरं तपासायची. दुश्कोनं मोठ्या अक्षरांत लिहून दिलेली चिठ्ठी पडद्याला चिकटवलेली होती. आधी खात्याच्या कॉम्प्युटरचा आकडी पत्ता, मग एक तिरकी रेघ, मग मातेया, जे तिकडं लिहिताना सहा अक्षरांचं होतं. यंत्र जुनं, सकाळी सगळं विसरून उठायचं, त्यामुळं पत्ता रोज नव्यानं लिहावा लागे. ती बोट ठेवून एकेक अक्षर ताडून बघायची. सहाच्या सहा बरोबर. म्हणजे जोडणीतच बिघाड, दुसरं काय?

काका वहीत लिहीत राहिले. धुकं होतं की नाही, कुत्रं भुंकलं की नाही, कॉफी आधी झाली की नंतर, कुणाचा फोन आला.

"माझा गुडघा दुखला तेही लिही," येव्रोसिमा म्हणाली.

"कुठला?"

"डावा."

काकांनी लिहिलं.

वीस तारीख आली तोवर रिकामे रकाने नऊ झाले होते. दुश्को फोनवर म्हणाला, "बाई, मी माझ्या बाजूनं सगळं तपासलंय. तो म्हातारा तिथं बसून करतो तरी काय?"

"लिहितो," रोसांदा म्हणाली.

त्या दुपारी काका घरी वही उघडून बसले. धुक्याचा काही मेळ लागेना. कुत्र्याचा लागेना, डाव्या गुडघ्याचाही लागेना. पण एका रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं, वर गेलं, परत खाली आलं. रोसांदाचा मुलगा ओग्न्येन नव्या वर्षापासून ऑस्ट्रियात कारखान्यात होता. सकाळची पाळी असली की निघण्याआधी आईला दोन ओळी लिहायचा, आणि ती कॉम्प्युटरवरूनच उत्तर द्यायची. रात्रपाळी असली की झोपलेला असायचा. ज्या सकाळी ओग्न्येनचा निरोप, त्या सकाळी फोल्डर बंद. ज्या सकाळी निरोप नाही, त्या सकाळी उघडा. अपवाद एकही नाही.

मिलिसावकाकांनी वही मिटली. पोराच्या दोन ओळींनी नदीचा रस्ता अडतो?

एकवीस तारखेला सव्वासातला त्यांनी हे सांगितलं, तेव्हा रोसांदा नुकतीच पुलावरून आली होती. बुटाला चिखल होता, आकडा तळहातावर लिहिलेला होता, एकशे बेचाळीस. आजचा रकाना रिकामा राहिला की दहा.

"म्हणजे बाबांची ओळ राखायची तर पोराला लिहायचं नाही?" ती म्हणाली.

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

"हा माझ्या नातवालाच बिघाड म्हणतोय," येव्रोसिमा चुलीपासून म्हणाली. "चौदा वर्षं पेन्शन खाऊन हे शोधलं."

इतक्यात पडद्यावर ओग्न्येनचा निरोप आला. आई, उठलीस का? रोसांदानं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "लिही. रोज लिहितेस तस्संच. मी बघतो."

ती लिहायला बसली. काका पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर तिच्या हातांवर होती. पहिलं अक्षर उमटण्याआधी तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी दोन कळा एकदम दाबल्या, भराभरा दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. मग बोगदा सुरू केला, हिरवा दिवा लागला, पत्ता लिहिला, मातेया लिहिलं. नावाची अक्षरं तपासा, नाहीतर जोडणीत बिघाड असेल. साडेसात वाजले होते.

"ती दोन बोटं कशाला?" काकांनी विचारलं.

"कुठली?"

"पोराला लिहिण्याआधी दाबलीस ती."

रोसांदाला आठवावं लागलं. "ते होय? लिपी बदलते. खात्यानं यंत्र आपल्या सिरिलिकवर लावून दिलंय, आणि ही पोरं सगळी लॅटिनमध्ये लिहितात."

इथं सांगायला हवं, की त्यांची भाषा एकच पण लिप्या दोन. सरकारी कागद रशियनसारख्या सिरिलिकमध्ये, पोराबाळांच्या गप्पा इंग्रजीसारख्या लॅटिनमध्ये, आणि माणसं दोन्ही इतक्या सहज वाचतात, की सकाळचं वर्तमानपत्र कुठल्या लिपीत होतं असं दुपारी विचारलं तर आठवत नाही. काही अक्षरं तर दोन्हीकडं दिसायला सारखीच.

"आणि नंतर परत बदलतेस?"

"गरज असली तर. खात्याला चार ओळी लिहायच्या असल्या तर बदलते. नुसत्या नावाला कशाला? बघा ना, बरोबर तर दिसतंय."

काकांनी बघितलं. मग वहीचं पान उलटून मोठ्या अक्षरांत सिरिलिकमध्ये मातेया लिहिलं, त्याखाली लॅटिनमध्ये मातेया लिहिलं. दोन ओळी एकमेकींच्या सावल्या. सहा अक्षरं वर, तीच सहा खाली, तसूभर फरक नाही. लिहिणाऱ्यालाही सांगता येऊ नये कुठली कोणती. ते कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिले.

"पावणेआठ," येव्रोसिमा म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

काकांना तेव्हा आठवले दोन स्वेतोलिक. त्यांच्या तरुणपणी वरच्या वाडीत स्वेतोलिक पेत्रोनियेविच नावाची दोन माणसं होती. एक गुरांचा डॉक्टर, दुसरा एकटा राहणारा मधमाश्यावाला. टेलिफोनच्या पुस्तकात एकाखाली एक छापलेले, नाव तेच, आडनाव तेच. पहाटे कुणाची गाय अडली की फोन जायचा मधमाश्यावाल्याला. तो बिचारा झोपेत म्हणायचा, "विऊ दे की मग." लोक भांडायला टेलिफोन खात्यात यायचे, तार चुकते म्हणायचे. तेव्हा थोरल्या लाइनमननं काकांना सांगितलं होतं, पोरा, तारेला नाव कळत नाही, नंबर कळतो.

"दुश्कोला फोन लाव," काका म्हणाले. आणि त्यानं उचलल्यावर, "साहेब, एक सांगा. यंत्र अक्षर कसं ओळखतं? रूपावरून?"

"नाही हो काका. यंत्राला डोळे कुठं असतात? प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो."

"आणि सिरिलिकमधल्या म चा आणि लॅटिनमधल्या म चा नंबर एकच?"

"छे, वेगळा. दोन्ही..."

पुढचं वाक्य आलंच नाही. फोनवर नुसती शांतता. काकांनी आयुष्यभर ऐकल्या त्यात असली शांतता त्यांना फार आवडायची. तार तुटल्यावरची नव्हे ही, माणसाला कळल्यावरची.

"ते फोल्डरचं नाव कुठल्या लिपीत आहे?" काकांनी हळूच विचारलं.

"सिरिलिक," दुश्को म्हणाला. "सरकारी खातं आहे ना. चिठ्ठी मीच लिहून दिली होती. चिठ्ठीवरून कळणारच नाही. काका, मी अडीच महिने लाइन तपासतोय."

रोसांदानं फोन संपायची वाट पाहिली नाही. दोन बोटांनी दोन कळा दाबल्या. पत्ता लिहिला. मग एकेक करून सहा अक्षरं लिहिली, पहिल्यासारखीच, पहिल्याइतकीच बरोबर दिसणारी. शेवटची कळ दाबताना तिनं डोळे मिटले होते.

फोल्डर उघडला.

तक्त्यात एकवीस तारखेचा रकाना होता. तिनं तळहात बघून एकशे बेचाळीस टाकला. भिंतीवरच्या घड्याळात आठला सहा मिनिटं होती. येव्रोसिमा उठली, कपाटातून मुरंब्याची बरणी काढली आणि चमचा काकांपुढे धरला.

"फर्निचरला?" काका म्हणाले.

"गप खा."

महिना नऊ रिकाम्या रकान्यांवर थांबला. दुश्कोनं स्वतः खात्यात सांगितलं, चूक बाईची नाही, नावाची आहे, आणि रोसांदाच्या कागदी वहीतून ते नऊ आकडेही भरून घेतले. पट्टी राहिली. फोल्डरचं नाव बदलून नुसता नंबर देऊ म्हणाला, तर रोसांदा नको म्हणाली. मग त्यानं त्याच खोलीला दुसरं दार केलं, लॅटिनमधल्या मातेयाचं. आता कुठल्याही लिपीत लिहा, आत तोच तक्ता.

पण ते व्हायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात मिलिसावकाका रोज सातला यायचे. बिघाड सापडला होता, काम काही नव्हतं. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, तिकडून जात होतो.

"रोसांदा," खुर्चीवर टेकत ते म्हणायचे, "आज एकदा चुकीचं लिहून दाखव ना. बरोबर दिसणारं चुकीचं."

"थांबा हो काका, आधी आकडा जाऊ दे."

आकडा जायचा. मग ती दोन कळा दाबून वडिलांचं नाव परत लिहायची, आणि यंत्र म्हणायचं असं कुणी इथं नाही. पुन्हा दोन कळा, पुन्हा तेच नाव, आणि दार उघडायचं. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा पुढं वाकून ती सहा अक्षरं बघत राहायचा. कुठं तरी केसाएवढा फरक असेलच, आज दिसेल, असं त्याला रोज वाटायचं.

दिसायचा नाही.

"अजून एकदा," काका म्हणायचे.