परग्रहावरची ओहोटी

केतनच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘खगोल-मार्गदर्शक’ असं छापलेलं आहे. नोकरी म्हणाल तर डोंबिवलीत पाण्याचे फिल्टर विकण्याची. आमच्याच मजल्यावर राहतो, म्हणून महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये त्याची ‘चला परग्रहावर’ ही बडबड मला ऐकावी लागते. मी निवृत्त शिक्षक. दिखाऊ विद्येची मला शिसारी येते, आणि या माणसाकडे दुसरं काही नाहीच.

त्या रविवारी तो जास्तच नटला होता. ठाण्यातल्या एका शाळेचे मुकुल सर त्याला पारखायला आले होते. पसंत पडला तर विज्ञानदिनाचा प्रमुख पाहुणा. आठवडाभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याची आई आवडाबाई ठाण्याच्या कोळीवाड्यातून मुलाचं भाषण ऐकायला मुद्दाम आली होती. तिला त्याने शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं.

“डोळे मिटा,” केतन सुरू झाला. “आपण चाळीस प्रकाशवर्षं दूर उतरलोय. इथला लाल सूर्य मावळतच नाही, आकाशात एकाच जागी खिळलेला आहे. चंद्र नाही. समोर समुद्र. सूर्य इतका जवळ, की रोज दोनदा डोंगराएवढी भरती येते आणि ओसरते.”

“कशी ओसरंल?” मागून आवाज आला. आवडाबाई उभी होती. “चांद फिरतो म्हणून खाडीचं पानी चढतं नि उतरतं. तुजा सूर्य जागचा हलत नाय. मंग फुगलेलं पानी तितंच ऱ्हाल. ओहोटी कुठशी येल?”

हॉल हसला. मुकुल सर मात्र हसले नाहीत. “बरोबर बोलतायत,” ते म्हणाले. “या कोण?”

केतनच्या बापजाद्यांनी तिथी बघून होड्या खाडीत घातल्या, आणि याला भरतीचं साधं गणित येऊ नये. तेवढं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण केतन टाय सारखा करत म्हणाला, “मासळीवाल्या मावशी. आमच्याकडे मासळी घेऊन येतात.”

आवडाबाई खाली बसली. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. माझी लायकीही तेवढीच, हे त्या दिवशी कळलं.

केतन पसंत पडला. विज्ञानदिनाला कोळीवाड्यापासून जवळच असलेल्या त्या शाळेत प्रोजेक्टर धरायला मला घेऊन गेला. मंचावरून निर्लज्जपणे म्हणाला, “मी स्वतः गणित मांडलं, तेव्हा लक्षात आलं की तिथे ओहोटी येतच नाही.” मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात दारातून आवडाबाई आत आली. डोक्यावर मासळीची पाटी. गुडघे गेल्यापासून, म्हणजे दहा वर्षं, तिने पाटी उचलली नव्हती. सगळ्या शाळेदेखत ती मंचापर्यंत चालत गेली आणि पाटी केतनच्या बुटांपाशी उतरवली.

“सायेब, मासली आनलीय,” ती म्हणाली. “तुमची आय घरी आसंल तर तिच्याकडं देते.”