कड्यावरून दाखवलेला आरसा

घाटावर दिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आज दुपारी एकटीच नाणेघाटाच्या कड्यावर जाऊन आले.

मी घाटघरची सून. माहेर बरोबर कड्याखाली, कोकणात. घर डोळ्यांना दिसतं, पण मध्ये सरळ तुटलेला काळा कातळ. पावसाळ्यात त्यावरचं पाणी वाऱ्यानं उलटं वर उडतं, तेव्हा बघायला गर्दी लोटते. आज चिटपाखरू नव्हतं.

पूर्वी माहेराहून घाट चढून वर आले की मी आरसा उन्हात धरायचे. खाली अंगणात आई पितळी ताट हलवायची. मी पोचले, तिला कळलं.

आईला जाऊन वर्ष झालं. तरी आज पिशवीतून आरसा काढला अन् उन्हात धरला.

खालून लख्खकन उत्तर आलं!

भावाला फोन लावला, "अंगणात कोण हाय रे?"

"कोणी न्हाई ताई. घरावर नवीन पत्रे टाकलेत, ते चमकत असतील."

मी आरसा पिशवीत ठेवला. खालची चमक मात्र ऊन उतरेपर्यंत तशीच राहिली.

घरी पोचल्याचं तुम्ही आता कुणाला कळवता गं?