कंबरेचा शेक

रोह्याला आमची पोह्यांची गिरणी होती. भिजवलेलं भात भट्टीवर तापल्या वाळूत भाजायचं काम माझ्या नवऱ्याकडे. दिवसभर कंबरेइतक्या उंच भट्टीला चिकटून उभं राहायचं. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलत नव्हता. गोळ्या, इंजेक्शनं, सोनोग्राफी, उपास, सगळं मी करून बसले होते. यांना तपासावं असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या सांगितल्या. रिपोर्ट आले तेव्हा आडपडदा न ठेवता बोलल्या. माझ्यात दोष नव्हता. यांचे शुक्रजंतू फार कमी होते, आणि भट्टीची धग त्याला कारण असू शकत होती.

"तीन महिने भट्टीपासून लांब राहा. नवे जंतू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. सुधारणा दिसली तर मुंबईला पाठवते, तिथे पुढचे उपचार होतील. आत्ता जाऊन हाती काही लागायचं नाही."

परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले. नागोठणं मागे पडल्यावर म्हणाले, "घरात कोणाला बोलू नको." मी मान हलवली. मला वांझोटी म्हटलेलं सगळ्यांना चालत होतं. राग आला, खूप आला, पण यांचा उतरलेला चेहरा बघून तो गिळला.

भट्टी सोडायला कारण हवं होतं, म्हणून यांनी कंबर धरल्याचं सोंग घेतलं. धाकटे दीर कुरकुरत भट्टीवर गेले, हे गल्ल्यावर बसले. मला वाटलं, सुटलो. घरात सासूबाई आहेत हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

लेकाची कंबर धरली म्हणताच त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. सकाळी जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक. संध्याकाळी निर्गुडीचा पाला उकळून ते पाणी घंगाळात ओतायचं आणि त्यात यांना कंबरेइतकं बुडवून बसवायचं. मोठा घोडा झालेला माणूस, लाल होऊन त्यात मुकाट बसलेला. एरवी मी हसून लोळले असते.

"पाणी निवलं गो, आण आणखी," त्या हाक मारायच्या. आणि ते उकळतं पाणी मीच आणून ओतायची, माझ्याच हातांनी.

एकदा त्यात गुपचूप गार पाणी मिसळलं, तर त्यांनी बोट बुडवून मला फैलावर घेतलं. एकदा धीर करून म्हटलं, "आई, डॉक्टरांनी शेक नको सांगितलाय."

"कुठल्या डॉक्टरनी? तुझ्या पोटाच्या डॉक्टरणीला याची कंबर दाखवलीस काय गो?"

मी यांच्याकडे बघितलं. घंगाळातून आवाज आला, "ऱ्हाऊ दे. आण पाणी."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. काडीचाही फरक नव्हता. "धगीपासून लांब होतात ना?" बाईंनी विचारलं. हे रिपोर्टची घडी घालत बसले. शेवटी मीच सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. हसावं की रागवावं हे त्यांनाही कळेना. "पुन्हा पहिल्यापासून सुरू करा," म्हणाल्या, "आणि या वेळी घरात खरं सांगा." मला रडू फुटलं. हे छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

घरी आलो तर सासूबाई ओटीवर उभ्या. लेकाला येताना बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बघ कसा ताठ चालतोय! गुण आला माझ्या हाताला. आता जा भट्टीवर, तो धाकटा रोज तोंड वाकडं करतोय." मग माझ्या पाठीवरून हात फिरवत मायेनं म्हणाल्या, "याचं दुखणं मी घालवलं गो. आता तुझं तेवढं ऱ्हायलंय."

मी यांच्याकडे बघितलं. आता बोलतील, एवढं तरी बोलतील, असं मला वाटलं.

"व्हय," हे म्हणाले, "उद्यापासून जातो भट्टीवर."