शुक्रवारी बंद असलेली देवी

मद्रासच्या मोठ्या संग्रहालयात कसं पोहोचायचं, ते माझ्या मुलाने मला मोबाईलवर पाठवलं. तो मद्रासलाच नोकरीला आहे. कुठल्याशा प्रवासी मंडळींनी लिहिलेलं पान होतं. मेट्रोने आलात तर कोणत्या दाराने बाहेर पडायचं, बसचे नंबर, मोटार कुठे लावायची, सायकल कुठे साखळीने बांधून ठेवायची. विमानतळापासूनचं अंतरसुद्धा दिलं होतं. कुंभकोणमहून माझ्या आत्यासारखी ऐंशीची बाई यायला निघेल, हे मात्र सायकलींची एवढी काळजी वाहणाऱ्या त्या भल्या माणसांना सुचलं नव्हतं. वाचूनच माझं डोकं फिरलं. मला राग लवकर येतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण हा राग रास्त होता असं मला अजून वाटतं. त्या संग्रहालयातली एक देवी आमच्याच शेतातून गेलेली आहे. तिला नेताना रस्ता बरोबर सापडला होता.

शेत आजोबांचं, कुंभकोणमजवळ तिरुवलंचुळी गावाच्या पलीकडे. विहीर खणताना पहारीला काहीतरी लागलं आणि मातीतून हातभर उंचीची पंचधातूची देवी निघाली. जमिनीत सापडलेलं सरकारचं, असा कायदा. आजोबांनी हुज्जत घातली नाही. पण सरकारी माणसं येईपर्यंत आठ दिवस देवी आमच्या घरात होती. माझी आत्या तेव्हा नऊ वर्षांची. तिने चिंच आणि राख लावून देवीला घासलं, आईच्या रेशमी लुगड्याचा तुकडा नेसवला, शेवंती माळली. शुक्रवारी पायसाचा नैवेद्य झाला. सोमवारी देवी बैलगाडीत बसून गेली, ती गेलीच.

आत्या आता माझ्याकडे असते. एवढ्या वर्षांत तिने देवीचा विषय काढला तो फक्त गोष्ट सांगण्यापुरता. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग धरला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डाग वाढत जाणार, जे बघायचंय ते आत्ताच बघून घ्या, असं डॉक्टर बोलून गेले. ते बोलून गेले, हिने मनावर घेतलं. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरच्या जुन्या मराठीत, रिक्षातून घरी येताना म्हणाली, "देवीस येकदां पाहीन म्हणतें. मद्रासेस नेशील काय?"

कोणत्या वारी जायचं, हा प्रश्नच आमच्या घरात उठला नाही. देवीला जायचं तर शुक्रवारी. गुरुवारी दिवसाच्या गाडीने गेलो, मुलाच्या खोलीवर उतरलो. शुक्रवारी सकाळी आत्या हळद लावून न्हाली. पिशवीत शेवंतीची वेणी, केळी, आणि स्वतःच्या लग्नातल्या साडीचा काठ कापून शिवलेलं देवीचं वस्त्र. तो काठ तिने महिनाभर हाताने चाचपडत शिवला होता. सुई ओवून देण्यापुरतं माझं काम.

मुलगा कामावर गेला होता. त्या पानावर लिहिल्याप्रमाणे आम्ही मेट्रोने निघालो. सरकत्या जिन्यावर आत्या पाय ठेवीना. "जिना पळतो आणि माणूस उभा. हें काय चालणें?" म्हणाली. मग साधा जिना शोधला आणि एकेक पायरी मोजावी तसे उतरलो. मागचे लोक सुस्कारे टाकत होते. मी वळून पाहिल्यावर सुस्कारे थांबले. पलीकडे बाहेर पडल्यावर 'पाच मिनिटं चालत' असं पानावर होतं. कोणाची पाच मिनिटं, ते लिहायला नको? उन्हात आम्हाला चांगला अर्धा तास लागला. वाटेत एका चहाच्या टपरीवाल्याने आत्याला न मागता बसायला स्टूल दिलं. अख्ख्या शहरात त्या दिवशी तेवढी एकच सोय आम्हाला मिळाली.

फाटकाला कुलूप होतं.

"शुक्रवारी सुट्टी असते, अम्मा," पहारेकरी तमिळमध्ये म्हणाला. "बोर्ड आहे की."

बोर्ड होता. मी त्याला नाही नाही ते बोलले. सगळा तमिळ मुलूख शुक्रवारी देवीच्या दारात उभा असतो, आणि एवढ्या देवी एका घरात कोंडून तुम्ही नेमकं शुक्रवारीच दार लावता? त्या बिचाऱ्याने सुट्टीचा वार ठरवला नव्हता, हे मला बोलतानाही कळत होतं. खोलीवर येऊन ते पान पुन्हा उघडलं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत सुट्टीचा वार होता. मी ते चारदा वाचलं होतं आणि चारही वेळा रस्त्यापर्यंत येऊन थांबले होते. शुक्रवारी देवी भेटणार नाही, असं माझ्या डोक्यात शिरणार तरी कुठून? मग रागवायला मीच उरले. आत्या एवढंच म्हणाली, "तीसही येक दिस निजूं दे."

शनिवारी दुपारची परतीची गाडी होती. सकाळी टॅक्सी केली आणि दार उघडायच्या आधीच जाऊन उभ्या राहिलो. वेणी कोमेजली होती. फुलं-केळी बाहेरच ठेवायला लावली, वस्त्र तेवढं आत्याने कमरेला खोचलं होतं म्हणून आत आलं.

मंद उजेडाची मोठी खोली, काचेची कपाटं. मी पाट्या वाचत फिरले. एका पाटीवर आमच्या गावाचं नाव होतं. आत्याला तिथे उभं केलं. समोर पाहिलं तर तिला डागच दिसतो, म्हणून कोंबडीसारखी मान वाकडी करून कडेने बघत राहिली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मला वाटलं, आता रडेल.

"तीस कोणी नेसवलें न्हाई," ती म्हणाली.

तोवर मला ते दिसलंच नव्हतं. आमच्याजवळच्या स्वामीमलैत मूर्ती ओततात, तिथल्या भट्ट्यांत उघड्या मूर्ती मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत, पण तेव्हा त्यांचे डोळे कोरलेले नसतात, त्या अजून देव झालेल्या नसतात. देवळातल्या देवीचा आपल्याला रेशमातून आणि फुलांतून चेहरा दिसतो आणि हात दिसतात, बस्स. आमची देवी काचेआड उघडी उभी होती. घरातून जाताना ती नेसलेली होती.

मी पहाऱ्यावरच्या बाईकडे गेले. काच उघडा, दोन मिनिटं, एवढं वस्त्र घालू द्या. ती नम्रपणे नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तिच्या हातात काही नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप येत होता. ज्याच्या हातात असतं तो कधी दारात उभा नसतो.

तेवढ्यात कॉलेजच्या पोरापोरींचा घोळका आत आला. मोबाईल वर झाले, कोणीतरी खिदळलं. मी वळले. आत्या कपाटाला पाठ लावून उभी होती. पदर सोडून दोन्ही हातांनी पसरला होता, काच झाकेल एवढा.

"आत्या," मी जवळ जाऊन म्हटलं, "तुज पाहायास आणलें. अर्धा तासच आहे. फिर आणि पाहा."

"मीं पाहिलें," ती म्हणाली. "हीं जाऊं देत."

ती पोरं गेली, दुसरी आली. मग एक कुटुंब आलं. आत्याचे हात खाली येऊ लागले. मी हातातली रिकामी पिशवी खाली ठेवली, तिच्या शेजारी पाठ करून उभी राहिले आणि माझा पदर पसरला. गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.