लाल नावं, निळी नावं

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही हो! शेंगा खाता खाता मांडीवर टरफलं साठतात, तसे साठतात. आमचं मंडळ तर तिघांचंच. रिक्षाच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवणारे रफिकभाई, मी, आणि नवी आलेली श्रीलता. मराठीतल्या एका ऑनलाइन विश्वकोशात आम्ही हौसेनं लिहितो. मी पक्षी, रफिकभाई किल्ले. केमिस्ट्रीला मात्र वर्षानुवर्षं कुणीच नव्हतं. लेख नसला की तिथं नाव लाल दिसतं, लिहिला की निळं. मूलद्रव्यांची यादी उघडावी तर नुसती लालभडक!

*

श्रीलता टॉवेलच्या कारखान्यात, रंगाच्या लॅबमध्ये. घरी तेलुगू, बाहेर मराठी. नाव नोंदवल्या नोंदवल्या तिच्या पानावर स्वागताचा निरोप उमटला. खाली सही, 'सांगकाम्या'. हा म्हणजे सगळ्यांना आपोआप निरोप धाडणारा प्रोग्राम. बाईंना वाटलं, आडनाव! तिनं उत्तर लिहिलं, "धन्यवाद सांगकाम्ये सर. लई लगेच लिहिलंत. जेवण झालं का?"

थोड्या दिवसांनी मला हळूच म्हणाली, "ताई, सर रागावलेत का हो? बोलतच नाहीत."

*

ऑक्सिजन म्हणायचं की प्राणवायू, यात माझ्या गच्चीवर अख्खी संध्याकाळ गेली. जुळे सोलापुरात दिवे लागत होते, गार वारा सुटला होता. मला कसं अगदी तरंगल्यासारखं झालं. म्हटलं, "रफिकभाई, आपण जगाला नावं देतोय!"

"देतोय कुठं ताई? ठेवतोय!"

*

तिचा पहिला लेख पापडखारावर. झकास! शेवटचं वाक्य, 'जास्त घातला तर पापड लाल होतो.' तिथं प्रत्येक गोष्टीला संदर्भ लागतो, म्हणून तिनं प्रामाणिकपणे दिला, 'माझी आई.'

दूरच्या कुणा जाणत्या संपादकानं लेख उडवला. शेरा, 'हे पाककृतींचं पुस्तक नाही.'

मी फोन केला. "माझं मराठी घरचं नाही ना ताई. राहू द्या," म्हणाली, आणि लिहायचीच थांबली. इतक्या वर्षांनी आलेलं माणूस, असं जाऊ द्यायचं?

*

एका दुपारी पंख्याखाली डोळा लागला. स्वप्नात ती लाल नावं एकेक करून निळी होत होती, बादलीत नीळ सोडल्यासारखी. जस्त, पारा, चांदी... किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. रफिकभाईंना सांगितलं तर म्हणाले, "संदर्भ काय?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी नाही हसू आलं.

*

मग मोडनिंबचे एक मास्तर नव्यानं आले. त्यांनी चुन्यावर लेख लिहिला, तोही उडाला. त्यांची समजूत घालावी म्हणून मी त्यांचं पान उघडलं, तर माझ्याआधीच कुणीतरी लिहून गेलेलं.

"सर, लेख उडाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. माझाबी उडाला. मी लई रडले, त्यानं काही होत नाही. जेवून घ्या आणि परत या की. हायड्रोजन मी लिहायला घेतलाय, हेलियम तुम्ही घ्या. श्रीलता."