नाईल का आटत नाही

परवा नातीसाठी भिंतीवर लावायचा जगाचा नकाशा आणला. गुंडाळी सोडताच रोगणाचा वास आला आणि मी थेट बाहत्तरच्या दुष्काळात, सोनईच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन पोचले.

गुरुजींनी मला आफ्रिकेच्या नकाशापुढे उभं केलं होतं. माझं बोट नाईल नदीवर होतं, तेवढ्यात दारात दादा, म्हणजे माझे वडील दिसले.

"पोरीला न्यायला आलोय, गुरुजी. उद्यापासनं ती आमच्यासंगं दुष्काळी कामावर येईल."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "जरा थांबा. तिचं सांगून होऊ द्या."

मी मोठ्यानं सांगत राहिले. नदी वाळवंटातून वाहत समुद्राला मिळते, असं म्हटल्यावर दादा दोन पावलं आत आले.

"वाळवंटातनं जाती, अन् आटत न्हाई?"

"न्हाई दादा. पाऊस लई लांब, डोंगरात पडतो. तिथलं पानी हितवर येतं."

आमच्या विहिरीला तेव्हा तळ लागला होता. दादांनी नकाशातल्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि पार डोंगरापर्यंत नेलं. मग म्हणाले, "मी अन् हिची आई जातो कामावर. हिला शिकू द्या."

पुढं मी तीस वर्षं भूगोल शिकवला, कैरोला जाऊन नाईलचं पाणी ओंजळीतही घेतलं. त्या दिवशी मला माझ्या उत्तराचा फार अभिमान वाटला होता. आता दादांच्या प्रश्नाचा वाटतो. भरल्या वर्गात, चाळीस पोरांदेखत, त्यांनी तो आपल्या लेकीला विचारला होता.